'काही नाही, चाललंय' : म्हाताऱ्या माणसांना जुनाट दुखण्याबद्दल विचारायचं कसं?

रानजाई

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते क्वचित. आज मदत मागायला आलेय.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पदव्युत्तर प्रबंधासाठी साठीच्या पुढच्या माणसांचं जुनाट दुखणं हा विषय घेतलाय. किती जणांचे गुडघे दुखतात हे मोजायचं नाहीये. त्या दुखण्याबरोबर त्यांचा दिवस कसा जातो, रात्र कशी जाते, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. सातारा जिल्ह्यात जावळी आणि पाटणच्या डोंगरातल्या गावांत फिरतेय. इथल्या बायकांचा जन्म भातलावणीत आणि डोक्यावर जळणाचे भारे आणण्यात गेला. पुरुषांमधले कितीतरी मुंबईत माथाडी होते, आता गावी परतलेत. आजवर अकरा जणांशी बोलून झालंय आणि अकराही मुलाखती मला पोकळ वाटताहेत.

पहिल्याच मुलाखतीचं सांगते. आजी सत्तरीच्या पुढच्या, ओसरीवर पाय लांब सोडून बसलेल्या. मी छापील प्रश्नावली काढली. "आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तर तुमचं किती?" आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला किती वाटतंय त्ये लिही की बाय." सून आतून म्हणाली, "पाच लिवा." मी पाच लिहिलं.

निघताना आजी मला पोचवायला म्हणून उठल्या. आधी एका कुशीवर वळल्या, मग गुडघ्यावर आल्या, एक तळवा उंबऱ्यावर टेकला, दुसरा भिंतीवर. थांबल्या. दम घेतला. मग उभ्या राहिल्या. त्यांचा हात जिथे टेकला होता तिथे चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर तेलकट काळा डाग होता, बरोबर तळव्याएवढा. किती वर्षं रोज तिथेच हात पडत असेल! आणि माझ्या कागदावर पाच.

दुसरी अडचण शब्दाची. "तुम्हाला काय दुखणं आहे?" असं एका माथाडी आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "आपल्याला काय बी दुखणं न्हाई. देवाची किरपा." मी मुलाखत गुंडाळायच्या बेतात होते. बोलता बोलता सहज विचारलं, "मग रात्री झोप लागते ना?" तर म्हणाले, "कुठली झोप? खांदा ठणकतोय की रातभर." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या बोलीत दुखणं म्हणजे आजार. दुखणं काढलं म्हणजे अंथरुणाला खिळलो. खांद्याचं ते कामाचं, ते दुखण्यात धरतच नाहीत.

ज्यांच्या घरी अशी माणसं आहेत किंवा जे स्वतः हे सोसताहेत, त्यांना विचारते: काय विचारलं तर माणूस खरं बोलतो?

भूलवैद्य

रानजाई, धागा काढलास ते फार बरं केलंस. मी तीस वर्षं भूल दिली, त्यातली शेवटची बारा वेदनेची ओपीडी चालवली.

आधी थोडा पाया सांगतो, इथे वाचणाऱ्या सगळ्यांच्या उपयोगाचा. तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला जुनाट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेचं आजारांचं अकरावं वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं, त्यात जुनाट वेदनेला स्वतंत्र जागा मिळाली. म्हणजे ती नुसती दुसऱ्या कुठल्या आजाराची खूण राहिलेली नाही. हे व्हायला एवढी वर्षं लागली याचं मला आजही वाईट वाटतं.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आयएएसपी या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची व्याख्या केली होती. ती २०२० मध्ये सुधारली. व्याख्येखालच्या टिपा तुझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर याव्यात असं मला वाटतं. त्यातली एक टीप सांगते, की माणूस आपल्याला वेदना आहे असं सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. दुसरी सांगते, की बोलता येत नाही म्हणून वेदना नाही असं ठरत नाही.

एक्स-रेवर विसंबून राहू नकोस. पार झिजलेले गुडघे घेऊन टेकडी चढणारे मी पाहिलेत आणि फोटोत फारसं काही दिसत नसताना रात्र रात्र बसून काढणारेही. रानात रोज त्याच बाजूने माणसं गेली की वाट मळते, मग हलक्या पावलालाही ती सापडते. मज्जारज्जू आणि मेंदूतल्या वेदनेच्या वाटांचंही पुष्कळदा असंच होतं. साध्या स्पर्शालाही त्या जाग्या होतात. हे 'मनाचे खेळ' नाहीत, मज्जासंस्थेतच झालेला बदल आहे.

आता तुझ्या शून्य ते दहाबद्दल. मी आणे विचारायचो. "रुपयातलं किती आणे दुखतं?" तुझ्या आजी-आजोबांपैकी जे पंचाहत्तरीच्या पुढे आहेत ते १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा शाळकरी वयाचे होते, आणे त्यांच्या हातून गेलेले आहेत. त्याहून लहान असलेलेही "बारा आणे फरक पडला" असं सर्रास म्हणतात. सोळा आण्यांत माणूस पटकन उत्तर देतो. मात्र एक कर. प्रबंधात ही मोजपट्टी वापरलीस तर ती प्रमाणित नाही हे स्पष्ट लिही, आणि आकड्यासाठी नको, बोलतं करायला वापर.

तगर

मी शहात्तर वर्षांची आहे. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. मला तीन वर्षांपूर्वी नागीण झाली. उजव्या बाजूने, छातीखालून पाठीपर्यंत पट्टा. फोड पंधरा-वीस दिवसांत सुकले, पण वेदना अजून आहे. डॉक्टरांनी सांगितलं की विषाणूने मज्जातंतू दुखावून ठेवलाय.

मला कुणी कधीच नीट विचारलं नाही म्हणून लिहिते. पोरी, तू विचारते आहेस, तर ऐक.

ती दुखत नाही, ती भगभगते. मिरची वाटल्यावर हाताची जशी आग होते तशी, पण कातडीच्या आत. त्यावर वरून कापड लागलं की हुळहुळतं. मधूनच चटका बसतो, उघड्या वायरला हात लागावा तसा. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि मला रोज तिन्ही होतात. तपासायला गेले की विचारतात, "दुखतंय का अजून?" मी हो म्हणते, ते लिहून घेतात.

पंख्याचा वारा सोसत नाही, म्हणून मे महिन्यातही माझ्या खोलीचा पंखा बंद. ब्लाऊजची शिवण टोचते. यांचा एक जुना मलमलचा सदरा होता, तो मी उलटा करून आत घालते, शिवणी बाहेरच्या बाजूला. हे गेल्यालाही सहा वर्षं झाली. आता तो सदरा विरलाय, धुताना जपून पिळते.

सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगू? नात धावत येऊन बिलगते ती उजवीकडूनच. एकदा मी ओरडले तिच्यावर. पाच वर्षांची आहे. तेव्हापासून ती आधी विचारते, "आजी, कुठली बाजू?" ती इतक्या समंजसपणे विचारते आणि माझ्या पोटात कालवतं.

औषधाने फरक पडला. रात्रीची प्रीगॅबालिनची गोळी सुरू केली तेव्हा आधी गरगरायचं, एकदा न्हाणीघरात पडता पडता वाचले. मग डॉक्टरांनी मात्रा कमी करून हळूहळू वाढवली. हेही विचार तू लोकांना. औषधाने काय दिलं आणि काय घेतलं.

आणि हो, पन्नाशी ओलांडलेल्यांनी नागिणीच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. २०२३ पासून शिंग्रिक्स भारतात मिळते, दोन डोस असतात. महाग आहे, पण मला आधी माहीत असतं तर मी बांगड्या मोडल्या असत्या.

वैनगंगा

तगर काकू, वाचून डोळ्यांत पाणी आलं.

रानजाई, मी बरीच वर्षं आरोग्य सर्वेक्षणांत घरोघर फिरलेय. तुला लासीचं नाव माहीत असेलच, आपल्या देवनारच्या लोकसंख्या संस्थेचा वृद्धत्वाचा मोठा अभ्यास. पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली, पंचेचाळीस वर्षांपुढच्या ७२ हजारांहून जास्त लोकांशी बोलून. असे अभ्यास लागतातच, त्याशिवाय प्रश्न केवढा मोठा आहे हे सरकारला कळत नाही. पण तिथे एका घराला ठरलेला वेळ आणि ठरलेले प्रश्न. तुझ्या हातात वेळ आहे, तो घाईने खर्चू नकोस.

माझ्या अनुभवाच्या गोष्टी सांगते. सकाळी जाऊ नको, घरात धावपळ असते. दुपारी तीननंतर जा. घरचं माणूस जवळ असेल तर म्हातारा माणूस खरं बोलत नाही. सुनेसमोर सासू म्हणणार नाही की रात्री मला मोरीपर्यंत जाता येत नाही, कारण ते सुनेवर ठपका ठेवल्यासारखं होतं. मुलासमोर बाप खर्चाच्या भीतीने गप्प बसतो. कुणालाही न दुखवता एकटं कसं गाठायचं ते शोध. मी म्हणायची, "आजी, तुमची परसबाग दाखवा ना." चालताना माणूस बोलतो, आणि कसा चालतो तेही दिसतं.

दुसरं म्हणजे संमतिपत्र. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लिहितावाचता न येणाऱ्याचा अंगठा घेताना त्रयस्थ साक्षीदार लागतो, हे तुला तुमच्या नैतिक समितीने सांगितलं असेल. पण खेड्यातल्या म्हाताऱ्याला कागदावर अंगठा म्हटलं की जमीन आठवते. भावकीत अंगठे घेऊन सातबारे फिरलेले असतात. आधी तो कागद मोठ्याने सगळा वाचून दाखव. यात जमिनीचं काही नाही हे तोंडाने सांग. एक प्रत त्यांच्या हातात ठेव. घाई केलीस तर पुढची दोन तासांची मुलाखत त्या भीतीतच जाईल.

आणि एकाच माणसाकडे दुसऱ्यांदा जा. पहिल्यांदा ती माणसं पाहुणचार करतात, दुसऱ्यांदा बोलतात.

कोयनाकाठ

मी पाटण तालुक्यातलाच. माझे वडील माथाडी होते, मशीद बंदरला चौतीस वर्षं. मानेवर पोती वाहिली, क्विंटलची सुद्धा. मानेच्या मागे अजून गठ्ठा आहे, हात लावला तर दगडासारखा.

मला राग येतो, स्पष्टच लिहितो. दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी येतं, वही काढतं, आमच्या माणसांचं दुःख लिहून नेतं, पदवी घेतं. आमच्या माणसाला काय मिळतं? वडिलांनी मान आणि कंबर वर्षानुवर्षं अंगावर काढली. ड्युटीवर जाताना दुकानातून दोन गोळ्या घ्यायचे, चहाबरोबर. गावी आल्यावर कुणी एका वैदूने काळ्या पुड्या दिल्या, त्याने महिनाभरात इतका फरक पडला की आम्ही त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले. मग तोंड सुजलं, साखर वाढली, आता मूत्रपिंड अर्धंही चालत नाही असं सांगितलंय. तुम्ही विचारून काय करणार?

रानजाई

दादा, तुमचा राग मला मान्य आहे. हा प्रश्न मला झोपताना पडतो.

जे मी करू शकते ते सांगते, त्याहून जास्त वचन देणार नाही. प्रत्येक घरी मी चालू असलेल्या सगळ्या गोळ्या-पुड्या बघते आणि धोक्याचं काही दिसलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटवते. बसल्या जागी करायचे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवते, गुडघ्याच्या झिजेत ते खरोखर उपयोगी पडतात. उठायला त्रास होतो त्यांना बसायची जागा उंच करून देते, अगदी विटा लावून का होईना. आणि प्रबंध झाल्यावर जे कळलं ते मराठीत लिहून ग्रामपंचायतीत, बसून, वाचून दाखवणार आहे. ज्यांनी सांगितलं त्यांच्यासमोर. चुकीचं लिहिलं असेल तर तेच मला सांगतील.

तुमच्या वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं.

भूलवैद्य

कोयनाकाठ, तुमच्या वडिलांसारखे रुग्ण मी खूप पाहिले, त्यामुळे हे सगळ्यांसाठी लिहितो.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्या चार दिवसांच्या दुखण्याला ठीक. साठीनंतर त्या महिनोन्महिने घेतल्या तर जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो, मूत्रपिंडाला इजा होते. त्यातून रक्तदाबाची काही औषधं आणि लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर मूत्रपिंडाचा धोका आणखी वाढतो. पॅरासिटामॉल त्या मानाने सुरक्षित, पण तेही मात्रेतच.

नाव-गाव नसलेल्या पुडीने चमत्कारासारखा फरक पडला तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. पण एक जपा. अशी पुडी खूप दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, शरीर कोसळू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

हे लोक मूर्ख म्हणून पुड्या घेत नाहीत, हे मात्र मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. पोटासाठी दुसऱ्या दिवशी पोतं उचलायचं असतं. डॉक्टरांनी दोन मिनिटांत "वयच झालंय" म्हणून बोळवण केलेली असते. ज्याने वेळ दिला, अंगाला हात लावला, त्याची पुडी घेतली जाते.

शेवंती

माझ्या आईला स्मृतिभ्रंश होता. शेवटची चार वर्षं ती काही सांगू शकत नव्हती. रानजाई, तुमच्यासारखे अभ्यास करणारे अशा माणसांना वगळतात, कारण ती उत्तरं देत नाहीत. माझी विनंती आहे, वगळू नका.

आई संध्याकाळी चिडायची, हात झिडकारायची, अंघोळीच्या वेळी चावायला यायची. आम्हाला सांगितलं गेलं की या आजारात असं होतंच. झोपेचं औषध वाढवलं. ती दिवसभर गुंगीत राहायला लागली. मग रोज अंघोळ घालणाऱ्या मावशींनी एक गोष्ट पाहिली. आईला बोलता येत नव्हतं, पण ती जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर गुणगुणत असायची, शब्द नाहीत, नुसता सूर. डावा हात ब्लाऊजमध्ये घालायला वर केला की तो सूर तुटायचा. दरवेळी, तिथेच. मावशी म्हणाल्या, "ताई, यांचा खांदा तपासा." खांदा आखडून गेला होता आणि पाठीचा एक मणका चेपलेला निघाला, कधी चेपला ते कुणालाच ठाऊक नाही.

नंतरच्या डॉक्टरांनी आम्हाला पेनॅड नावाची पद्धत शिकवली. पाच गोष्टी बघायच्या: श्वास, कण्हणं किंवा आवाज, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत घातल्यावर माणूस शांत होतो का. प्रत्येकीला शून्य ते दोन. आम्ही फ्रिजवर कागद लावला होता. अंघोळीआधी तासभर पॅरासिटामॉल, पुढे उघडणारे सैल ब्लाऊज, डावा हात शेवटी. आठवड्याभरात चावणं थांबलं. झोपेचं औषध निम्म्यावर आलं.

मी तिची मुलगी, सतत शेजारी, आणि वर्षभर मला कळलं नाही. ते मला आजही सलतं.

वैनगंगा

शेवंती, तुम्ही तिला सोडलं नाहीत, हे तिला शेवटपर्यंत कळत असणार.

रानजाई, अशा माणसांसाठी संमती कायद्याने ज्याला अधिकार आहे त्या घरच्या माणसाकडून घेता येते, नैतिक समितीला तसं वेगळं पत्र दे. आणि अंघोळ घालणाऱ्या मावशींसारख्या बायकांच्या मुलाखती घे. त्यांच्या हाताला जे कळतं ते आपल्या कागदांना कळत नाही.

दर्यावर्दी

शब्दांबद्दल लिहितो. माझी आजी मालवणची, ती म्हणायची, "कंबार धरली हा." धरली म्हणजे बाहेरून कुणीतरी येऊन पकडली. आणि संध्याकाळी पाय "चावतात". दिवसा दुखतात, रात्री चावतात, यात ती गल्लत करायची नाही.

रोनाल्ड मेल्झॅक या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये मॅकगिल वेदना प्रश्नावली प्रसिद्ध केली, त्यात वेदनेचं वर्णन करणारे ७८ शब्द वीस गटांत लावलेत. सगळे इंग्रजी. आपण या धाग्यावर मराठी शब्द गोळा करूया का?

तगर

करूया. वर्गात फळ्यावर लिहायचे तशी लिहिते.

ठणकणं, ठसठसणं, ठुसठुसणं. यात ठेका आहे, नाडीबरोबर येतं. कळ, चमक, सणक, तिडीक. हे अचानक येतं आणि धावतं. भगभग, जळजळ, चुरचुर, झोंबणं. ही आग. खुपणं, रुतणं, टोचणं, सलणं. यात काहीतरी आत राहिलंय. आखडणं, अवघडणं, भरून येणं, उसण भरणं, लचकणं. हे स्नायूंचं. रग लागणं वेगळं, ते कष्टाने येतं आणि विश्रांतीने जातं. वांब येणं, पेटका येणं. कसकस आणि कणकण अंगभर असते, एका जागी बोट ठेवता येत नाही.

सलणं हा शब्द पायातल्या काट्यालाही चालतो आणि शेवंतीच्या मनातल्या गोष्टीलाही. 

वैनगंगा

आमच्याकडे विदर्भात, "पिंढऱ्या ओढून राह्यल्या." आणि "अंग मोडून येते."

भूलवैद्य

तगरताई, ओपीडीच्या भिंतीवर लावावी अशी यादी आहे ही. आग, चटका, मुंग्या, बधिरपणा असे शब्द आले की आम्ही मज्जातंतूच्या वेदनेचा विचार करतो आणि त्याची औषधं निराळी असतात. ठणका आणि आखडणं आलं की सांधे-स्नायूंकडे वळतो. नुसतं "दुखतंय" एवढंच टिपलं तर चुकीची गोळी जाते.

रानजाई

तीन आठवड्यांनी लिहितेय. मध्यंतरी सात जणांकडे दुसऱ्यांदा जाऊन आले.

त्या पहिल्या आजींकडे दुपारी गेले. सून रानात होती. प्रश्नावली पिशवीतून काढलीच नाही. भिंतीवरच्या डागाकडे बोट केलं आणि विचारलं, "आजी, ही भिंत इथंच काळी कशानं झाली?"

आजींनी आधी पदराने तो डाग पुसल्यासारखं केलं. मग बोलायला लागल्या. सव्वा तास.

गुडघ्यांची सुरुवात धाकट्याच्या लग्नाच्या साली. आता हळदीकुंकवाला जात नाहीत, कारण सतरंजीवर बसलं की सगळ्यांदेखत उठता येत नाही. दोन बायका धावतात उचलायला, त्याची लाज वाटते. "मानूस धडधाकट दिसतंय आन उठाया येत न्हाई, लोकं काय म्हनतील." आठवडी बाजार सुटला. देवळाच्या सात पायऱ्या सुटल्या, आता खालूनच हात जोडतात. संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाहीत, म्हणजे रात्री उठावं लागू नये. कडक उन्हाळ्यातसुद्धा. हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी आणे विचारले. लगेच उत्तर आलं. "दिसा सा आनं. काम असतंय, ध्यान ऱ्हात न्हाई. राच्चं पंधरा." मी म्हटलं, सोळावा का नाही? म्हणाल्या, "सोळावा आला की मानूस जातंय."

मी तिथेच ठरवलं, दिवसाचा आणि रात्रीचा प्रश्न वेगळा विचारायचा. "किती दुखतं?" याच्याऐवजी आता पहिला प्रश्न असतो, "आधी काय करायचात जे आता सोडलंय?" त्याच्यामागून सगळं येतं. दुखणं हा शब्द मी वापरतच नाही, कुठे ठणकतं, कुठे ओढतं, कुठे चावतं असं तगर काकूंच्या यादीतलं विचारते, आणि माणूस स्वतः योग्य शब्द निवडतो किंवा माझा खोडून स्वतःचा देतो.

आजींच्या खाटेशेजारी भांडं ठेवायची सोय सुनेशी बोलून केली. सुनेला ऐकून रडू आलं. "मला सांगायचं तरी न्हाई का आत्या," एवढंच म्हणाली. ओसरीवर बसायला एक उंच चौरंग आणलाय. परवा गेले तेव्हा आजींनी माझ्यासमोर एक तांब्या पाणी प्यायलं, मुद्दाम, मला दाखवून.

शेवंतीताई, समितीने स्मृतिभ्रंश असलेल्या दोन माणसांसाठी परवानगी दिलीय. तुमच्या मावशींनी पाहिलेली गोष्ट मी माझ्या निरीक्षणाच्या कागदावर सगळ्यात वर लिहून ठेवलीय, की कपडे घालताना काय थांबतं ते बघ.

तगर

पोरी, शाबास.

तू मागे मला निरोपात वेदनेची रोजनिशी लिहायला सांगितली होतीस. लिहितेय. परवाची नोंद इथे देते. "सकाळी भगभग सहा आणे. वरण-भात केला. दुपारी नात आली, डावीकडून बसली, आम्ही पाढे म्हटले, एकोणिसाच्या पाढ्यापर्यंत आठवण आली नाही. रात्री बारा आणे, चटके चार." एकोणिसाच्या पाढ्याचं मला वाचतानाच लक्षात आलं. त्याआधी मी फक्त रात्रीचे चटके मोजत होते.

कोयनाकाठ

रानजाईताई, मागे मी तोडून बोललो होतो. इथलं सगळं रविवारी वडिलांना वाचून दाखवलं. तगर काकूंची यादी दोनदा वाचायला लावली. मग स्वतःहून म्हणाले, मानेत ठणकत नाही, मान रुतल्यासारखी होते, जणू पोतं अजून वरच आहे आणि कुणी उतरवून घ्यायला येत नाही. चौतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

पुड्या बंद आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ते तुमच्याशी बोलायला तयार आहेत. पुढच्या शनिवारी या, साडेतीनच्या सुमारास, ते दुपारचे झोपून उठलेले असतात. मी आणि आई तेवढा वेळ रानात जाऊ. अंगठा नको, सही करतात ते. मशीद बंदरला रात्रशाळेत शिकले होते.